सतरा नंबरचा प्लग

प्लगमावशी हे नाव त्यांना पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. पण ज्याने ठेवलं त्याला माणसं ओळखता येत होती. मावशी परीक्षा केंद्रातल्या कॉम्प्युटरच्या खोलीच्या राखणदार. खोलीत चोवीस कॉम्प्युटर, वर दोन जादा, आणि त्यांचे प्लग म्हणजे मावशींचा जीव की प्राण. दर सहा कॉम्प्युटरांमागे भिंतीशी एक लाकडी पेटी, पेटीत सहा प्लग, पेटीला कुलूप, आणि सगळ्या चाव्या मावशींच्या गळ्यातल्या दोरीला. प्रत्येक पेटीवर लाल रंगात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: ‘प्लगला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.’ खाली नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

सून म्हणायची, “आईंच्या समोर मोबाइलचा चार्जर काढायचा तर अर्ज करावा लागतो.” मावशी हसायच्या, पण चार्जरवरची नजर काढायच्या नाहीत.

लोक म्हणत, स्वभाव. स्वभाव-बिभाव काही नाही. अकरा वर्षांपूर्वी मावशी इथे झाडू-फरशीला होत्या. भर परीक्षेत चार नंबरच्या टेबलाखाली पाण्याची बाटली सांडली आणि पुसायला त्यांना आत धाडलं. पाणी तारेकडे सरकतंय हे पाहिल्यावर, कुणाला शॉक बसायला नको म्हणून, त्यांनी समोर दिसला तो प्लग ओढला. वर बसलेल्या माणसाचा स्क्रीन काळाठिक्कर पडला. तेव्हाची यंत्रं लिहिलेलं सांभाळून ठेवत नसत. दोन तासांचा पेपर पाण्यात गेला. तो माणूस ओरडला नाही, भांडला नाही. अर्धा तास दाराशी उभा राहिला, मग प्रवेशपत्राची चौघडी करून खिशात घातली आणि निघून गेला. चौकशी झाली आणि अहवालात ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहिलं गेलं. मावशी ओलं फडकं हातात धरून तिथेच उभ्या होत्या. नोकरी जाईल या भीतीने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. हे कारण त्यांनी स्वतःपासून कधी लपवलं नाही. बाकी सगळ्यांपासून लपवलं.

त्यानंतर मात्र त्या हात धुऊन कॉम्प्युटरच्या मागे लागल्या. सातवीपर्यंतचं शिक्षण, पण येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या खांद्यावरून डोकावून, प्रश्न विचारून त्याला भंडावून त्यांनी विद्या उचलली. पेट्या त्यांनीच सुताराला सांगून करून घेतल्या. कॅबिनेटच्या मागे जिथे वीज आत जाते, तिथल्या पिनेवर लोखंडी पट्टी ठोकून घेतली, म्हणजे ती कुणाच्या बापाला ओढता येऊ नये. आणि एक वही ठेवली. कुठला कॉम्प्युटर कधी रुसला, कशाने हसला, सगळं त्यात. वहीचं पहिलं पान तेवढं कोरं होतं. लिहायला सुरुवात त्यांनी दुसऱ्या पानावरून केली होती.

त्या दिवशी मोठ्या नोकरभरतीची शेवटची परीक्षा होती. सकाळी आठच्या सुमारास वीज लागोपाठ दोनदा गेली आणि आली. यूपीएसने सांभाळून घेतलं, पण एक उचकी दिलीच. त्या उचकीत पाच नंबरचा कॉम्प्युटर आडवा झाला, बाविसावा सुरूच होईना. दोन्ही जादा कॉम्प्युटर त्यांच्या जागी गेले. मावशींनी सुस्कारा सोडला तोच सतरा नंबरवरून हाक आली.

सतरावर बसली होती एक शिलाईवाली. वय अडतीस, अर्ज करायची वयाची अट याच वर्षी संपत होती, म्हणजे ही तिची शेवटची परीक्षा. हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं, कारण दारात झडती घेताना तिच्या कॉलरला टोचलेल्या चार टाचण्या निघाल्या होत्या आणि तिने ओशाळून सांगितलं होतं, “रात्रभर कपडे उरकले आणि तशीच आले. आज नाही तर परत नाहीच ना.” टाचण्या मावशींनी डबीत ठेवल्या होत्या. आता तिच्या स्क्रीनवर एकच ओळ होती: सर्व्हर सापडत नाही.

कंपनीचा इंजिनिअर धावत आला. हुशार माणूस, पण स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. त्याने भिंतीतली केबल बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. मग यंत्रातल्या भागांची यादी उघडली. त्या यादीत नेटवर्क अडॅप्टरची ओळ असते. तारेतून येणारं बोलणं ऐकायचा हा कॉम्प्युटरचा कान. सतराच्या यादीत ती ओळच नव्हती. लपवलेल्या वस्तू दाखव म्हटलं, तरी नाही. पेन ड्राइव्हवरून तो कान चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, टाकायला गेला, तर यंत्र म्हणे, कशासाठी टाकू, इथे असलं काही नाहीच. बंद करून चालू केला. एकदा, तीनदा, पाचदा. दहा वाजले आणि बाकीच्या तेवीस जणांचा पेपर सुरू झाला.

“मदरबोर्ड गेला,” इंजिनिअर म्हणाला. “चिप जळली असणार. आज काही होत नाही.”

केंद्राचे सर घड्याळाकडे बघत होते. सव्वादहापर्यंत जो स्क्रीनवरच्या पेपरात शिरला नाही तो गैरहजर, असा नियम. “तांत्रिक बिघाड म्हणून वर कळवतो,” ते शिलाईवालीला म्हणाले, “काहीतरी मार्ग निघेल.”

मार्ग निघणार नव्हता. सरांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती खुर्चीतून उठली आणि समोरचं प्रवेशपत्र तिने हातात घेतलं. मधोमध दुमडलं. मग आणखी एकदा.

ती चौघडी मावशींनी पूर्वी पाहिली होती.

“थांब,” त्या म्हणाल्या. “घडी घालू नकोस त्याची.” आणि वही काढली. मागची सुट्टी, नऊ नंबर. त्यांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं: “सुट्टीआधी तारेला ओळखत नव्हता. सुट्टीनंतर आपोआप ओळखू लागला. इंजिनिअर आला नव्हता.”

“मग?” इंजिनिअर म्हणाला.

“मग सुट्टीत आपण काय करतो? मी स्वतः सगळे प्लग काढून ठेवते. वर्षातून तेवढ्याच वेळी. तू पाचदा बंद केलास म्हणतोस, पण हा झोपलाच नाही. मागे वाकून बघ, केबलच्या खाचेतला तो हिरवा दिवा अजून जळतोय. एक डोळा उघडा ठेवून पडलाय नुसता. सकाळच्या उचकीत अडकलाय तो, अजून तिथेच आहे. पार वीज तोडायला हवी.”

इंजिनिअर मागे वाकला. दिवा जळत होता. गोष्ट साधी होती, त्याला माहीत असलेली होती. पण या खोलीत प्लग काढायचा नसतो हे मावशींनी सगळ्यांच्या डोक्यात इतकं भिनवलं होतं, की तो विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. “मागची पिन काढू?” त्याने विचारलं.

“तिला मीच पट्टी ठोकलीय. आता हातोडी चालवशील का भर परीक्षेत?” मावशींनी गळ्यातली दोरी काढली. “पेटीतूनच काढायचा.”

दहा वाजून पाच मिनिटं. छप्पन्न वर्षांच्या मावशी टेबलाखाली पालथ्या झाल्या आणि कुलूप उघडलं. आत सहा प्लग, सगळे काळे, सगळे सारखे. प्रत्येकाला त्यांनी नंबर लिहिलेली चिंधी बांधली होती. एकही चिंधी नव्हती.

“माझ्या चिंध्या कुठायत?”

“तुमच्याकडून चावी घेऊन या पेटीतला बोर्ड बदलला तेव्हा... मला वाटलं कचरा आहे,” इंजिनिअर पुटपुटला.

“तुझ्याशी नंतर बोलते.”

डोक्यावर पाच माणसं भराभर टाइप करत होती. चुकीचा प्लग ओढला तर त्यांतल्या एकाचा स्क्रीन काळा होणार. आताची यंत्रं लिहिलेलं सांभाळतात असं इंजिनिअर नेहमी सांगे. पण ते खरं की खोटं हे त्या पाचांपैकी एकावर करून बघायची मावशींची तयारी नव्हती. सहा तारा टेबलाखाली एकमेकींत गुंतून वर गेल्या होत्या. मावशी एकेक चाचपू लागल्या, पण मधेच धागा हरवत होता.

शिलाईवाली खाली बसली. “मावशी, राहू द्या. माझं नशीबच तसं आहे.”

“नशीब नाही गं बाई, प्लग आहे,” मावशी खालून म्हणाल्या. “गुंतलाय एवढंच.”

मग ती तारांकडे नीट बघू लागली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, “गुंता माझ्याकडे द्या. यंत्राच्या मागची तार मी धरते आणि दोनदा ओढते. तुम्ही बोटं सगळ्यांवर ठेवा. ज्याला झटका बसेल तो आपला.”

तिने दोनदा ओढलं. मावशींच्या बोटांना काही कळलं नाही. तिने तार थोडी सैल करून परत ओढलं, दोनदा, आणि डावीकडून चौथी तार मावशींच्या बोटाखाली हलली. पुन्हा हलली. चौथीच.

मावशींनी प्लग धरला, पण ओढला नाही. हाच हात होता तो. अकरा वर्षं भर परीक्षेत या हाताने एवढी एकच गोष्ट केली नव्हती, आणि तिच्या बदल्यात बाकी सगळं केलं होतं. त्यांना वाटलं, आपण चुकलो तर या वेळी तोंड उघडू का? उघडू, त्यांनी मनाशी ठरवलं, आणि प्लग ओढला.

वर कुणी ओरडलं नाही. पाचही जण टाइप करत राहिले.

“सुरू करायचं बटण दाबून धर,” त्यांनी शिलाईवालीला सांगितलं. “मनात तीस मोज. आत उरलेली वीज संपू दे.”

“झालं असेल, लावा आता,” इंजिनिअरला राहवेना. दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

“दिवा गेला का?”

तो वाकला. “मंद आहे अजून.”

“मग लावत नाही.” सरांनी घसा खाकरला, मावशींनी लक्ष दिलं नाही. शेवटी तो हिरवा ठिपका मिटला. मावशींनी आणखी दहा मोजले, उगाच नाही, खात्रीसाठी, आणि प्लग आत ढकलला.

पंखा घुरघुरला. स्क्रीन आला. इंजिनिअरने यादी उघडली आणि स्क्रीन मावशींकडे वळवला. नेटवर्क अडॅप्टरची ओळ जागच्या जागी होती, जणू कधी गेलीच नव्हती. शिलाईवालीने चौघडी उलगडली, मांडीवर हाताने सपाट केली आणि त्यावरचा नंबर टाकला. दहा वाजून तेरा मिनिटांनी ती पेपरात शिरली. सरांचा जीव भांड्यात पडला. मावशींचा अजून पडायचा होता.

एक वाजता ती बाहेर आली. मावशींनी डबी तिच्यापुढे धरली. “पेपर कसा गेला ते विचारणार नाही.”

“पुरा लिहिला,” ती म्हणाली, आणि चारही टाचण्या कॉलरला टोचल्या. जाताना तिने मावशींचा हात घट्ट धरला आणि चटकन सोडून निघून गेली. मावशी त्या हाताकडे बघत राहिल्या.

मग त्या सरांच्या टेबलापाशी गेल्या. सर अहवाल लिहीत होते. सतरा नंबर, तांत्रिक बिघाड, इंजिनिअरने दुरुस्त केला.

“खोडा ते,” मावशी म्हणाल्या. “प्लग मी काढला असं लिहा.”

सर हसले. “बरोबर आहे, मान तुमचाच.”

“मान नाही सर. अकरा वर्षांपूर्वी चार नंबरचा काढला, तोही मीच. बिघाड नव्हता तो. पाणी सांडलं होतं, मी घाबरले आणि ओढला. आणि नंतर गप्प बसले.”

सरांचं पेन हवेतच राहिलं. ते म्हणाले, “मावशी, तो अहवाल कधीच बंद झालाय. आता हे मी लिहू कुठे?”

“तुमच्याकडे जागा नसेल,” मावशी म्हणाल्या, “माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त सही करा.” त्यांनी वही उघडली, पहिलं पान काढलं, सरांच्याच हातातलं पेन घेतलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं: चार नंबर. प्लग मी काढला.