आधी त्यांचं होऊ द्या

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से काही संपत न्हाईत. अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला, एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. राज्य निजामाचं, त्यात जर्मनची लढाई चालू, त्यामुळं औषधाचे डबे कधी यायचे, कधी न्हाई. किस्से मात्र रोज बिनचूक हजर! चार मित्र बसले की म्हणतात, "सांगा की एखादा, तुमच्या दवाखान्यातला." सांगतो. पण तुम्ही हसायला लागले की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण माझे बहुतेक किस्से पोटाचे आहेत. अन् पोटाच्या बाबतीत आपल्या लोकांनी जेवढा गाढवपणा केला, तेवढा दुसऱ्या कशातच केला न्हाई!

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. मराठी समजायची, बोलायचे दखनी. समोर बाई असली की नजर टेबलावर ठेवून विचारायचे अन् मी मराठीत सांगायचो. पोटात आग पडते, उपाशी असलं की जास्त, चार घास गेले की थांबते, पुन्हा सुरू होते, असं कुणी म्हणलं की ते माझ्याकडं बघायचे. "मेदे का जख्म." म्हणजे जठरात जखम. तिच्यावर पांढरी पावडर, दूध अन् आराम. एवढंच होतं आमच्या हातात.

*

एक शेतकरी आला. सदरा वर केला तर पोटभर काळे डाग! डॉक्टरसाहेब खुर्चीवरून उठलेच.

"ये क्या है?"

मी सांगितलं, "बिब्बा गरम करून त्याचं तेल लावतात साहेब. वरची चामडी जळाली की आतलं दुखणं जातं म्हणे."

"तो गया?"

"दुखणं न्हाई गेलं जी," शेतकरी म्हणाला, "पण डाग बराबर बसले!"

डॉक्टरसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे मियाँ, आग अंदर है, तुम बाहर कायकू लगाए?"

गड्यानं जरा विचार केला. मंग मला हळूच विचारलं, "म्हणजे बिब्बा आतून घ्यायचा का?"

त्याला मी दोन वेळा शपथ घालून गावाला धाडला. तरी आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

*

अडाणी माणसाचं सोडा. अंबडच्या कोर्टातले एक वकीलसाहेब यायचे. शिकलेले, काळा कोट, वर घड्याळाची साखळी. डॉक्टरसाहेबांनी बजावलं, लाल तिखट बिलकुल बंद. पंधरा दिवसांनी वकीलसाहेब पोट धरून हजर.

"तिखट खाल्लं का?"

"लाल? शिवलो न्हाई!"

"मंग?"

"हिरव्या मिरचीचा ठेचा. हुकूम लालचा होता."

हिरवी बंद केली. पुन्हा आले. आता काळा मसाला चालू होता! डॉक्टरसाहेब इतके तापले की त्यांनी कागद ओढला अन् लिहून दिलं: मिरची, कोणत्याही रंगाची, ओली, वाळलेली, कुटलेली, भाजलेली, तळलेली, सगळी मना. वकीलसाहेबांनी तो कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"लोणच्याचं यात काही न्हाई," म्हणाले.

*

असं हसण्यावारी नेता येतं तोवर ठीक. पण किसनच्या घरचं मी कधी हसण्यावारी नेलं न्हाई, अन् तुम्हीबी नेऊ नका.

किसन चार कोसावरच्या गावचा. जमीन होती, दोन म्हशी होत्या, अंगानं चांगला दणकट. सकाळी सकाळी येऊन बाकावर बसला. "पोटात लै आग पडते," म्हणाला. डॉक्टरसाहेबांनी त्याला निजवलं, पोट दाबलं.

"इथं दुखतं?" मी विचारलं.

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई जी."

सगळं पोट दाबून झालं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "फिर आए कायकू?"

"दुखतं ते कारभारणीला. ती घरी हाय."

"तो ये पेट किसका दिखाया?"

"तुम्ही सदरा वर कर म्हणले," किसन म्हणाला, "म्या केला!"

बाईनं दवाखान्यात यायचं म्हणजे घरचं काम कोण करणार? म्हणून दुखणं बायकोचं अन् तपासणी नवऱ्याची! हा एकटा किसन न्हाई हो, हप्त्याला असे चार यायचे. डॉक्टरसाहेबांनी त्याला उभ्या उभ्या प्रश्न विचारून माहिती काढली. कारभारणीचं नाव द्वारका. उपाशीपोटी पोट जळतं, रात्रीच्याला कळवळते, वाळत चालली आहे. "जख्म है," डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई को लाव." तोवर मी पावडर पाण्यात कालवून औषधाची बाटली भरून दिली.

*

बाटलीवर आम्ही कागदाची पट्टी चिकटवायचो अन् तिला खुणा पाडायचो. एक खूण म्हणजे एका वेळचं औषध. द्वारकेच्या बाटलीला आठ खुणा होत्या. दिवसातून दोनदा, चार दिवस पुरायला पाह्यजे. तिसऱ्या दिवशी किसन रिकामी बाटली घेऊन आला.

"एवढ्यात संपलं?"

"पहिल्याच दिशी संपलं जी."

"एकदम पाजलं का काय तिला?"

"न्हाई न्हाई! घरात आम्ही आठ माणसं. आईनं बराबर एकेक खूण वाटली. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई. सरकारी औषध एकट्या सुनेनं प्यायचं म्हणजे बरं दिसत न्हाई."

मी बाटली त्याच्या हातातून ओढली. "अन् द्वारकेला किती मिळालं?"

"तिची खूण आखरीची," किसन म्हणाला. "तवर बाटलीत थोडं कमीच भरलं."

म्हणजे ज्यांचं पोट दगड पचवील ते सात जण औषध पिऊन ढेकर देतात, अन् जिचं पोट जळून राह्यलंय तिला तळाचा गाळ! मी त्याला जे बोललो ते इथं सांगण्यासारखं न्हाई.

*

मंग डॉक्टरसाहेबांनी हुकूम काढला: दर दोन तासाला पेलाभर दूध. घरच्याच म्हशीचं दूध, खर्च काही न्हाई. दुसऱ्याच दिवशी किसनची आई तरातरा दवाखान्यात. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की बाहेरचे रोगी उठून बसले.

"कोण तो दूध पाजणारा? घरधनी जेवला न्हाई तवर सून पेला तोंडाला लावंल? आमच्या घरी बाप्यांचं झाल्याबिगर बाई घास उचलीत न्हाई!"

"मावशी, बाप्ये जेवतात कधी?"

"शेतातून आले की."

"येतात कधी?"

"काम सरलं की."

"अन् काम कधी सरतं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच वेडा. अहो, हेच तर तिचं दुखणं! पहाटे उठून दळायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, अन् सगळे जेवून उठेपर्यंत रिकाम्या पोटानं चुलीपुढं बसायचं. रोज! त्या म्हातारीला मी तिन्हीत्रिकाळ शिव्या दिल्या, मनातल्या मनात. नंतर कळलं, दूध ती सुनेसाठी काढून ठेवायची खरी. पण पाव्हणे यायचे, अन् दुधाचा चहा व्हायचा.

*

आता पावडरीचं ऐका, म्हणजे राग नुसता किसनच्या घरावर निघायचा न्हाई.

लढाईमुळं वरून माल येत नव्हता. पांढऱ्या पावडरीचा शेवटचा डबा राह्यला होता. मी तो द्वारकेसाठी कपाटात मागं लपवून ठेवल्ता. तेवढ्यात एक बडे अंमलदार दौऱ्यावर आले. गावोगाव मेजवान्या, पुरणावर तूप अन् तुपावर मटण! अजीर्ण झालं. त्यांचा चपराशी दारात उभा. "साहेबांच्या पोटाला पावडर होना. जल्दी!"

"अर्धी नेता का? एक बाई लै आजारी हाय."

चपराशी म्हणाला, "बाईचं पोट अन् साहेबांचं पोट एक असतं का?" अन् त्यानं आख्खा डबा उचलला. डॉक्टरसाहेब दातओठ खात बसले. नोकरी त्यांनाबी होती, मलाबी होती.

चार दिवसांनी तोच चपराशी भेटला. "काय, साहेबांना आराम पडला का?"

"साहेबांनी कुठं घेतली? चव आवडली न्हाई."

"मंग डबा?"

"घोड्याला चारला. घोडं एकदम झकास हाय आता!"

*

त्याच हप्त्यात द्वारकेला रक्ताची उलटी झाली. बैलगाडीत घालून आणली. ओठ पांढरे, हातापायात दम न्हाई. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. पंचविशीची असंल, दिसत होती चाळिशीची. डॉक्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "फिर एक बार खून आया तो बचना मुश्किल. पेट खाली नहीं रहना." रिकामं पोट म्हणजे मरण, इतकं सरळ होतं ते.

दवाखान्यात खाट दिली. दूध मी स्वतः आणलं, कोमट केलं, पेला पुढं धरला. द्वारकेनं तोंड फिरवलं.

"घ्या बाई."

"आधी त्यांचं होऊ द्या."

किसन तिला पोचवून म्हशीकडं परत गेल्ता. चार कोस लांब! तो जेवला का न्हाई, हे हिला कसं कळणार? तरी पेला तोंडाला लावीना. म्हातारी दारात बसलेली. मी ओरडलो, हात जोडले. पोर मरायला टेकली तरी रीत मोडीना! दुपार झाली. डॉक्टरसाहेबांनी घोडागाडी पाठवून किसनला उचलून आणलं अन् खाटेशेजारी बसवलं.

"अब ऐसा. हर दो घंटे को पहले तू खाना. फिर वो पियेगी."

झालं! किसनपुढं भाकरी ठेवली. तो खायचा, ती बघायची, मंग दूध प्यायची. दोन तासांनी पुन्हा भाकरी. पुन्हा दोन तासांनी. पहिल्या दिवशी गडी खूष होता. दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन पिऊन गिळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बघूनच त्याला घाम फुटला.

"द्वारके," तो म्हणाला, "तुझ्या पाया पडतो. आता तू आधी पी!"

तिनं त्याच्याकडं बघितलं. दारातल्या सासूकडं बघितलं. सासूनं नजर खाली घातली. मंग द्वारकेनं पेला उचलला, एका दमात रिकामा केला अन् माझ्यापुढं धरला.

"अजून हाय का?"

डॉक्टरसाहेब भिंतीकडं तोंड करून हसले. त्यानंतर तिला रक्त पडलं न्हाई.

*

आठव्या दिवशी द्वारका खाटेवर उठून बसायला लागली. तिला घरी न्यायची म्हणून किसन गाडी जुंपायला बाहेर गेल्ता. मी औषधाच्या खिडकीशी होतो. बघतो तर रांगेत, पाच-सहा बाप्यांच्या मागं, म्हातारी उभी! हातात बाटली. माझं डोकंच सणकलं. आता कुणाला वाटायचंय हिला?

तिची पाळी आली. मी विचारलं, "आता कुणासाठी, मावशी? पाव्हण्यांसाठी का?"

तिनं बाटली खिडकीत ठेवली. पदराआडून हात छातीखाली नेला अन् तिथंच दाबून धरला.

"हितं," ती म्हणाली. "हिच्यासारखंच जळतंय."

तिचा तो आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. शेजारच्याला ऐकू गेलं नसतं. मी तिला आत डॉक्टरसाहेबांपुढं नेलं. त्यांनी नजर टेबलावर ठेवली अन् विचारलं, "कब से है?"

"कधीपासून हाय, विचारून राह्यले," मी सांगितलं.

म्हातारीनं आधी दाराकडं बघितलं, पोरगं जवळ हाय का. मंग म्हणाली,

"लगीन झाल्यापासून."