हरकत क्रमांक एक्केचाळीस

माझ्या नवऱ्याला कचेरीत सगळे 'काटकोन' म्हणतात, आणि हे नाव खोटं पाडेल असं काही तेहतीस वर्षांच्या संसारात माझ्या हाती लागलेलं नाही. टॉवेल वाळत घालतील तर चारही टोकं जुळवून. भाजी चिरायला घेतली तर प्रत्येक तुकडा एका मापाचा, त्यामुळे जेवायला दुपार कलते. नगररचना विभागात ते इमारतींचे नकाशे तपासतात. खिडकी केवढी, भोवती मोकळी जागा किती, जिना किती रुंद. नियमात बसलं तर शिक्का, नाहीतर नकाशा परत. शिफारस ऐकत नाहीत, खोटं बोलत नाहीत, आणि विनोद मात्र दोनदा सांगावा लागतो.

ह्या माणसाला गेली दोन वर्षं जिन्यांचं वेड लागलं होतं. कुणाकडे गेलं की लोक 'या, बसा' म्हणायचे आणि हे दारातूनच सांगायचे, "सतरा आहेत. वरून तिसरी जरा उंच झालीय." माझ्या धाकट्या बहिणीच्या नव्या घरी तर खिशातून टेप काढून जिन्यातच बसले. ती म्हणाली, "ताई, भावोजींचा चहा इथेच आणू का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेडाला कारण होती माझी आई. ती आठ वर्षांपासून आमच्याकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गुडघे गेले तशी ती खाली जाईनाशी झाली. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून उतरवलं. दर पायरीला खुर्ची कलायची आणि आई कठडा घट्ट धरायची. परत आल्यावर म्हणाली, "आता मला एकदाच काय ते खाली न्या." आम्ही सगळे हसलो. हे हसले नाहीत. ह्या इमारतीचा नकाशा ह्यांनीच मंजूर केला होता. पायरीची उंची एकोणीस सेंटिमीटरपर्यंत चालते असा नियम, आणि बिल्डरने ती जवळजवळ पुरी एकोणीस धरलेली. शिक्का ह्यांचा. ह्यात ह्यांची चूक तसूभरही नव्हती, हे मी शंभर वेळा सांगितलं. पण तेव्हापासून आईसमोर जेवायला बसले की ह्यांची मान ताटातून वर यायची नाही.

अशात शहराची नियमावली नव्याने करायची निघाली. तीस वर्षांची जुनी झाली होती. कुठे राहायचं, कुठे दुकानं काढायची, कुठे कारखाने, किती उंच बांधायचं, सगळं परत ठरणार. कचेरीच्या बाहेर भलामोठा नकाशा टांगला, घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे. आपली गल्ली पिवळी राहते की निळी होते ह्यावरून सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. जिन्याच्या प्रकरणाकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ते प्रकरण लिहायचं काम ह्यांच्याकडे आलं.

दोन महिने आमचं जेवणाचं टेबल कागदांनी भरलेलं. शेवटी एका रविवारी त्यांनी मला ते कलम वाचून दाखवलं. पायरी पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नको, कठडा दोन्ही बाजूंना हवा, दर मजल्यावर टेकायला एक बाक हवं. वाचताना आवाज जरा कापला. मुलगी झाली त्या दिवशी कापला होता, त्यानंतर आत्ताच.

मसुदा छापून आला तेव्हा त्यात पुन्हा एकोणीस होते. पायऱ्या बसक्या केल्या की संख्या वाढते, जिना जागा खातो, मजल्यामागे एक खोली कमी होते, असं बिल्डर मंडळींचं म्हणणं पडलं आणि वरच्या साहेबांनी कलम खोडलं. हे घरी आले, एवढंच बोलले आणि बूट पुसायला बसले.

"अहो, भांडा की मग!"

"मसुदा कचेरीचा. मी कचेरीचा. मला हरकत घेता येत नाही."

"मग कुणाला येते?"

"नागरिकाला. तीस दिवसांच्या आत, लेखी."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "अगं ए, मी नागरिक आहे की नाही?"

तिने सांगितलं, मी लिहिलं आणि पत्र टपालात टाकलं. कचेरीत ते ह्यांच्याच रजिस्टरात चढलं, क्रमांक एक्केचाळीस. माझं अक्षर ह्यांना ओळखता येत नाही असं नाही. पण घरी चकार शब्द काढला नाही; उलट समितीच्या अध्यक्षांना लेखी कळवून आले की एक्केचाळीस क्रमांकाच्या हरकतदार माझ्या सासूबाई आहेत.  आई आणि हे आपले साळसूदपणे हवेपाण्यावर गप्पा मारायचे.

सुनावणीला आईच्या वतीने मी गेले. दालन कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर. समोर तीन जणांची समिती, मधोमध अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, अंगाने भारदस्त, स्वभावाने बरे. बाजूच्या टेबलाशी रजिस्टर घेऊन हे. नाव पुकारलं, कुणी आलं नाही तर तिसऱ्यांदा पुकारून 'गैरहजर' लिहायचं, असा क्रम चालला होता.

"हरकत क्रमांक एक्केचाळीस!"

मी उठले. "त्यांच्या वतीनं मी आलेय."

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, जन्मात पहिल्यांदा पाहावं तसं. "अधिकारपत्र आणलंय का?"

"कसलं?"

"तुम्ही त्यांच्या वतीनं बोलावं असं, त्यांच्या सहीचं पत्र."

"अहो, मी त्यांची मुलगी आहे! तुम्हाला माहीत नाही का?"

सगळं दालन हसलं. हे नाही. "मला माहीत असून उपयोग नाही, बाई. कागदावर हवं."

बाई! सकाळी ह्याच माणसाला मी मोजे शोधून दिले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आणखी दोनदा आईचं नाव पुकारलं आणि शांतपणे 'गैरहजर' लिहिलं. आज संध्याकाळी ह्यांनी आपलं आपण शिजवून खावं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पण ह्यांचं लिहिणं थांबेना. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तो कायम कोराच असतो, असं ह्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "एवढं काय लिहिताय?"

हे उभे राहिले आणि वाचू लागले. "हरकतदारांचं वय ब्याऐंशी. राहणार तिसरा मजला, लिफ्ट नाही, उंच पायऱ्या अठ्ठेचाळीस. सुनावणीचं दालन दुसऱ्या मजल्यावर, इथेही लिफ्ट नाही. हरकत पायरीच्या उंचीबद्दल आहे, आणि हरकतदार त्याच कारणामुळे गैरहजर आहेत."

माझा राग अर्धा तिथेच उतरला. अर्धा ठेवला, पुढे लागतो.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून गैरहजर किती?"

"अकरा."

शिपाई खाली जाऊन आला. अकरातले सात जण तळमजल्यावर बाकावर बसले होते, म्हातारे सगळे, हातात कागद धरून. वर चढवत नाही, साहेब कधीतरी खाली उतरतीलच, अशी त्यांची समजूत. अध्यक्ष उठले. टेबल, खुर्च्या, रजिस्टर सगळं खाली गेलं आणि दुपारभर सुनावणी तिथेच झाली.

ती संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "एक्केचाळीसचं काय करायचं? जागेवर जाऊन पाहायची तरतूद आहे का?"

"नियम बारा, साहेब," हे इतक्या पटकन म्हणाले की तो नियम जिभेवरच धरून बसले असावेत.

मी आईला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजत होते. पहिल्या मजल्यापर्यंत अध्यक्ष आपल्या नोकरीतल्या गमती सांगत होते. दुसऱ्यापर्यंत गमती संपल्या. त्यानंतर नुसता त्यांच्या श्वासाचा आवाज, आणि मागून एक सदस्य त्यांच्या कोपराला आधार देत होते. आई केस विंचरून, कागद मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसली होती. अध्यक्षांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"बसा," आई म्हणाली. "आधी दम खा. पाणी घ्या."

दोन पेले पाणी झालं. मग ते म्हणाले, "हं. बोला आजी. तुमची हरकत काय आहे?"

"आता मी काय सांगू? तुम्ही आलात की चढून."

अध्यक्ष हसता हसता खोकले. मग जरा गंभीर झाले. "पण आजी, नवा नियम नव्या इमारतींना लागतो. हा जिना असाच राहणार. तुम्हाला ह्यातून काहीच मिळणार नाही, कल्पना आहे ना?"

"आहे हो. मला कुठे जायचंय आता? माझं इथं छान चाललंय." आईने ह्यांच्याकडे बोट केलं. "पण हा माणूस दोन वर्षं माझ्यासमोर मान वर करून जेवलेला नाही. ही सांगून थकली, मला आतून ऐकू येतं. जावईबापूंना एकदा त्यांच्या मनासारखा नियम लिहू द्या. माझी हरकत तेवढीच आहे."

हे सगळं तिला दिसत होतं, हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं.

अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. मग ह्यांना म्हणाले, "शिफारस लिहून घ्या. पायरी पंधरा सेंटिमीटर. कठडे दोन्हीकडे. आणि ते बाक राहू द्या, बाक फार महत्त्वाचं आहे."

पुढे ते मंजूरही झालं, पण ते नंतरचं. त्या वेळी ह्यांनी मान खाली घालून सगळं लिहून घेतलं, रजिस्टर मिटलं, आणि समितीसमोर, माझ्यासमोर, आईच्या पायाशी बसून हे लहान मुलासारखे रडले.