धोट्याले तोंड लावू नका

मनोरमाबाईंच्या एकसष्टीनिमित्त गौरव अंक निघणार आहे, त्यात तुम्हीही चार पानं लिहा, असं वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. या अंकात डॉक्टर लिहिणार, हेडमास्तर लिहिणार. मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाचायला शिकले तीच एकतिसाव्या वर्षी. पण चार दिवस विचार केला आणि वाटलं की एक गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही. नागपूरच्या आमच्या कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात बाईंबद्दल एक बोल अजून फिरतो. नर्सबाईंनी खिडकी उघडायला लावली म्हणून एक माणूस तापानं गेला, असा तो बोल आहे. तो माणूस माझा नवरा होता. त्या बोलात किती खरं आणि किती खोटं ते मला माहीत आहे, आणि अकरा वर्षं मी ते बोललेली नाही.

बाईंची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली.

त्या वर्षी फ्लूची साथ होती. ती जगभर फिरून इकडे आल्याचं पेपरात आलं होतं म्हणे. मोहल्ल्यात तिला नुसतं ‘ताप’ म्हणत. दिवाळी होऊन गेली होती, लग्नसराई तोंडावर होती. शाळेला कुलूप लागलं. सीताबर्डीहून कोणी घरी आलं की आमच्या सासूबाई त्याला अंगणातच उभं करून हातपाय धुवायला लावत. प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी, दाराला कडुलिंबाचा डहाळा. सुंठ आणि गवती चहाचं पाणी चुलीवर सारखं उकळत असे. एकाच्या पेल्यातलं पाणी दुसरा पीत नव्हता. बिडी ओढणारे शेजारी एका काडीवर दोन बिड्या पेटवायलाही भीत होते.

पण तापाहून मोठी भीती पोटाची होती. आमचं घर मागावर चालायचं, आणि माग थांबला की चूल थांबायची. त्यात इतवारीच्या बाजारातले व्यापारी माल घेईनात. कोष्ट्यांच्या घरच्या लुगड्यातून ताप येतो, असं गिऱ्हाईक म्हणतं, हे त्यांचं सांगणं. त्यामुळे मोहल्ल्यात एक वाईट रीत पडली. मागाची खटखट रस्त्यापर्यंत ऐकू येते. ज्या घरची खटखट थांबली त्या घरी ताप शिरला, असं लोक समजत, आणि ही बातमी संध्याकाळपर्यंत इतवारीत पोचे. म्हणून अंगात ताप असलेली माणसंही मागावर बसून राहत. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून ती जोरानं माग ठोकत.

अशा दिवसांत मनोरमाबाई आमच्या दारी आल्या. त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि साथीसाठी घरोघर फिरण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पांढरं पातळ, नाकातोंडावर चौपदरी फडकं, पायांत रबरी चपला. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि आत पाहून म्हणाल्या, “खिडकी काहून लावली वं? पाच माणसं या खोलीत कोंडून राहिली, हवा कुठून येईन?”

सासूबाई सूत उकलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हवा आली का सूत तुटते, बाई. तुम्हाले पगार सरकार देते, आम्हाले सूत देते.”

“सूत तुटलं त जोडता येते, आजी.”

“मंग तुमीच या जोडाले.”

कोष्ट्याचं घर बंद का असतं, हे इथे सांगायला हवं. नागपूरची हवा कोरडी. मागावरचं उभं-आडवं सूत ओलसर हवेत राहिलं तरच टिकतं, वारा लागला की तटातट तुटतं. पण बाई सरकारी माणूस होत्या, म्हणून त्यांच्या शब्दावर खिडकी उघडली. आणि टोमणा समजून सोडून न देता दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरंच आल्या. मागाजवळ उपड्या घमेल्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “चालू द्या. मी पाहतो.”

माझे यजमान, म्हणजे माझ्या थोरलीचे, शांताचे बाबा, मागावर होते. दर थोड्या वेळानं सूत तुटत होतं. तुटलं की ते धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं लाकडी होडकं, हातात घेत, धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्राला ओठ लावत आणि आतल्या कांडीचा धागा श्वासानं ओढून बाहेर काढत. कोष्टी पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आले. कांडी संपली की दुसरा भरलेला धोटा मी त्यांच्या हातात देत असे. तोही मी तोंडानं ओढून तयार ठेवलेला असे. नवऱ्याचा हात थांबू नये म्हणून धोटा ओढून देणं, हे आमच्याकडे बायकोचं काम. कोणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. उष्टा पेला आम्हाला दिसत होता, उष्टा धोटा दिसत नव्हता.

बाईंनी दोन कांड्या संपेपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, “हे काय केलं गा, भाऊ?”

“धागा ओढला.”

“तोंडानं?”

“मंग कायनं? त्या भोकात बोट जाते का?”

“आन ही भरून देते तेही तोंडानंच?”

शांताचे बाबा हसले. “तिचं तोंड आन माझं तोंड, त्यात काय फरक आहे, बाई. लगन झालं आमचं.”

बाई हसल्या नाहीत. त्या उघड्या खिडकीकडे पाहत राहिल्या. वारा आला की सूत तुटतं, सूत तुटलं की तोंड लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. “मीच उघडाले लावली,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरी कोणी असती तर हुकूम केला, काम संपलं, असं म्हणून गेली असती. बाईंनी आपली चूक आमच्या पाच जणांसमोर कबूल केली आणि त्याच दुपारी उपायाला लागल्या. खिडकीला ओलं गोणपाट टांगायला सांगितलं. उन्हाळ्यात वाळ्याची ताटी लावतात तसं. वारा येईल आणि ओलही राहील. मग त्यांनी मोडक्या छत्र्या गोळा केल्या, त्यांच्या काड्या पक्कडीनं वाकवून बारीक हूक केले, दवाखान्यात उकळले, प्रत्येक हूक स्वच्छ चिंधीत गुंडाळून लाल सुतानं बांधला आणि घरोघर एकेक दिला. छिद्रातून हूक घालायचा, धागा अडकवायचा, ओढायचा. शांताचे बाबा म्हणाले, “बाई, यानं त फुटाळ्याच्या तलावातली मच्छी धरता येईन.”

“धरा, मच्छीही धरा,” बाई म्हणाल्या. “पण धोट्याले तोंड लावू नका.”

पुढे मी वाचायला शिकले तेव्हा सरकारी सूचनांचं ते पत्रक मिळवून वाचलं. हात धुवा, गर्दी टाळा, पाणी उकळा, खिडक्या उघड्या ठेवा. धोट्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ते वाक्य बाईंचं स्वतःचं होतं. त्यासाठी त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या आमच्या घमेल्यावर बसल्या म्हणून त्यांना ते दिसलं.

आता जे लिहायचं ते लिहिते.

हूक दिला त्या दिवशी माझा घसा दुखत होता. आदल्या दिवसापासून कणकण होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कोपऱ्यात बसवलं असतं, कांड्या भरायला कोणी उरलं नसतं आणि माग थांबला असता. मागावर एका लग्नघरचं लुगडं चढलेलं होतं. त्या महिन्यात आमच्याकडून माल घेणारं ते एकच घर. मी दोनदा हूक वापरायचा विचार केला. पण नव्या हातानं धागा सापडायला वेळ लागतो, आणि मागावरून आवाज येत होता, “आन ना वं लवकर.” मी तो चिंधीत बांधलेला हूक तसाच खिळ्याला अडकवला. हे लुगडं उतरलं की सोडू, असं मनाशी म्हटलं, आणि धोटे तोंडानं ओढून देत राहिले. तीन दिवस.

माझा घसा बरा झाला. चौथ्या दिवशी शांताच्या बाबांना ताप चढला. दवाखान्यात खाटा उरलेल्या नव्हत्या. मागाच्या बाजूलाच त्यांचं अंथरूण घातलं. बाई सकाळ-संध्याकाळ येत, अंग पुसत, उशा लावून त्यांना बसतं करत. त्यांचा श्वास ओल्या लाकडाच्या धुरासारखा अडकत होता. तापाच्या सहाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “किती राहिलं विणाचं?” मी म्हटलं, अर्धं झालं. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत ते गेले.

खांदा द्यायला कोणी पुढे येईना. मी त्यात लोकांना दोष देत नाही. सगळ्यांच्या घरी लेकरं होती. बाई गल्लीत उभ्या राहिल्या आणि एकेका पुरुषाला नावानं हाक मारली. तोंडाला पंचा कसा बांधायचा ते दाखवलं, परत आल्यावर आंघोळीला गरम पाणी तयार ठेवते म्हणाल्या, आणि ठेवलं. चौघं मिळाले.

तिसऱ्या दिवशी त्या खोली फिनाइलनं पुसायला आल्या. त्यांनी भिंतीवरच्या वस्तू काढायला घेतल्या. खिळ्यावरचा हूक त्यांच्या हातात आला. चिंधी तशीच गुंडाळलेली, लाल सुताची गाठ त्यांनी बांधली होती तशीच. त्यांनी ती पाहिली. मी दाराची चौकट धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई बोलल्या. “खिडकी तुमीच उघडाले लावली,” त्या म्हणाल्या. “तुमच्या खिडकीनं नेलं माह्या पोराले.”

मनोरमाबाईंच्या हातात ती गाठ होती. ती वर करून दाखवली असती तर त्यांच्यावरचा आळ तिथेच संपला असता आणि माझं त्या घरातलं आयुष्यही संपलं असतं. बाईंनी मूठ मिटली.

“असन, आजी,” त्या म्हणाल्या. “तापाले पाय दिसत नाहीत. मी उघडाले लावली हे खरं आहे.”

मी गप्प राहिले.

सासूबाई पुढे सात वर्षं होत्या. त्यांनी ते वाक्य नळावर, लग्नात, मयतीत सांगितलं. काही घरांनी बाईंना दारात उभं करणं सोडलं. देवीच्या लसीच्या वेळी दोन घरांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं. बाई शेजारच्या घरी जाऊन पुन्हा त्या दाराशी येत. त्यांनी एका शब्दानंही कधी उत्तर दिलं नाही, आणि मला कधी काही विचारलं नाही.

तेरावा झाल्यावर त्या आल्या. हूक माझ्या हातात दिला, चिंधी सोडलेली होती. म्हणाल्या, “बस मागावर. मी आहो इथं.” सासूबाईंचं म्हणणं होतं की विधवेचा हात नवरीच्या लुगड्याला लागू नये. लग्नघरानंही तेच कळवलं. बाई म्हणाल्या, “मंग ते माह्यासाठी विण. माह्यं लगन होऊन लय दिवस झाले.” त्या घमेल्यावर बसून राहिल्या आणि मी हुकानं धागा ओढत राहिले. ते लुगडं त्यांनी घेतलं. दर संक्रांतीला त्या ते नेसून येतात. त्याचा पहिला अर्धा भाग शांताच्या बाबांच्या हातचा आहे.

त्याच हिवाळ्यात बाईंनी मला शांताचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसवलं. अक्षर आलं तर माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर राहत नाही, असं त्या म्हणत. वाचनालयातली बरीच पुस्तकं मी आता वाचली आहेत. त्यांतून मला एवढं कळलं की शांताच्या बाबांना ताप धोट्यातून आला, खिडकीतून आला की इतवारीतून आला, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण मोहल्ल्यानं बाईंवर ठेवलेला आळ ज्या आधारावर उभा आहे, तो आधार अर्धाच आहे, हे मी सांगू शकते. बाईंनी वेळेवर उपाय दिला होता. तो आमच्या घरात खिळ्यावर बांधलेला राहिला. तो माझ्या हातून बांधलेला राहिला. हे वाचणाऱ्यांनी यापुढे तो बोल कुठे ऐकला तर माझं नाव घेऊन तो दुरुस्त करावा.

बाईंनी हे माझ्याकडून कधी मागितलं नाही. कदाचित हे छापलेलं त्यांना आवडणारही नाही. त्यांनी मला क्षमा करावी.

समारंभाच्या दिवशी मंडळी त्यांना शाल आणि श्रीफळ देणार आहेत. मी एक लुगडं विणून ठेवलं आहे. त्याच हुकानं. तो आता झिजून निम्मा झाला आहे. या लुगड्याच्या एकाही धाग्याला कोणाचं तोंड लागलेलं नाही, तेव्हा बाईंनी ते निर्धास्त नेसावं. रोज नेसावं, सणासाठी राखून ठेवू नये. सूत चांगलं आहे, बरीच वर्षं जाईल. ते फाटेल तेव्हा मी दुसरं विणीन, आणि तेही फाटेपर्यंत बाईंनी धडधाकट असावं, एवढंच माझं मागणं आहे.