बाजेखालची सायकल

त्या शर्यतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट लिहायला घेतली, की अजून उत्साह येतो.

मी पोलिसात होते म्हटलं की लोक हसतात. निजामाच्या राज्यात बाईला कुठली वर्दी? पण उदगीरच्या ठाण्यात बायकांची झडती घ्यायला एक बाई लागायची. ती मी. चौथी शिकलेली, सही करता येणारी, आणि ठाण्याचे प्रमुख असलेल्या अमीनसाहेबांसमोर ‘जी’ पलीकडे तोंड न उघडणारी.

गावातल्या एका शेठनं सायकलस्वार पगारावर ठेवला होता, जसा कुणी पैलवान पोसतो. पोरगा ऐन पंचविशीतला. निलंग्यापासून नांदेडपर्यंत त्याच्या पुढं चाक कुणी काढलं नव्हतं. उद्या उदगीर ते जळकोट आणि परत अशी शर्यत. गाव नुसतं उसळत होतं. आणि सकाळीच शेठ ठाण्यात आला, “सायकल चोरीला गेली!”

सायकल तेलपाण्यासाठी दुरुस्तीवाल्या मिस्त्रीकडं ठेवली होती. कुलूप शाबूत, सायकल गायब. मिस्त्रीला कोठडीत घातलं. तो एकच सांगायचा, “मला ठाव न्हाई.” जमादार वेताची छडी तेल लावून बसला. स्वार तर बाहेरून ओरडत होता, “साहेब, माझ्या हवाली करा त्याला! माझ्या पोटावर पाय दिला यानं!”

दुपारी आडावर पाणी भरणारी एक बाई माझ्या कानाशी लागली. “आक्का, त्या शर्यतीच्या सायकलवाल्याची माय झुंजूमुंजू व्हताना कडब्याचा भारा घेऊन घरात गेली. दारात जनावर न्हाई, मग कडबा कुणाला घालती, सुनेला?”

मी धावतच ठाण्यात गेले. अमीनसाहेबांनी खबर ऐकली आणि पंच घेऊन आम्ही निघालो. स्वारही आमच्याबरोबर, हसत. “माझी सायकल माझ्याच घरात? बघा, बघा, उतरंडी बी काढून बघा.” शिपायांनी चूल, माळा, परसू, सगळं पालथं घातलं. राहिली एक खोली. तिच्या दारात म्हातारी आडवी उभी.

“आत बाळंतीण हाय. सोयर हाय. आज सटवी पुजायचीय. माझा ल्योक बी आत गेला न्हाई अजून.”

अमीनसाहेब दोन पावलं मागं सरले. “बाई, तुम्ही जा.”

आत ओव्याचा वास नव्हता, हे मला आधी जाणवलं. बाहेर थंडी, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी नाही! शेगडी कोपऱ्यात विझलेली. गोधडी मात्र बाजेवरून थेट भुईपर्यंत सोडलेली.

“शेक बंद केला का गं?”

“गरम व्हतंय,” ती म्हणाली. अंगावर दोन शाली.

मी गोधडी उचलली. कडब्यात गुंडाळलेली दोन चाकं, सांगाडा, हँडल. तिनं माझं मनगट धरलं.

“आक्का, मागच्या शर्यतीनंतर त्यांच्या तोंडातून रगत पडलं. शेठला सांगितलं. शेठ म्हणतो, एवढी एक मार. दर बारीला एवढी एकच असती. ह्यांना म्हणावं तर हसत्यात. मग आत्याबाईंनी मिस्त्रीच्या पाया पडून खोलून घेतली. घरात ह्यांचा हात पोचत न्हाई अशी हीच खोली. उद्याचा दिवस जाऊ द्या.”

गप्प बसावं, तर मिस्त्रीची पाठ सोलली जाणार. बोलावं, तर हिचा नवरा उद्या सायकलवर बसणार आणि जळकोटच्या चढावरून परत येईल की नाही कुणास ठाऊक.

“मी सांगणार,” मी म्हणाले. “पण नुसती सायकल सांगणार नाही. रक्तही सांगणार.”

बाहेर आले आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्या पंचांसमोर मोठ्यानं बोलले. स्वाराचं हसू गेलं. “खोटं हाय! मला काय बी झालं न्हाई!”

ठाण्यात अमीनसाहेबांनी त्याला मिस्त्रीसमोर बसवलं. मिस्त्री आता कुठं बोलला. “माझ्या दुकानामागं भिंतीला धरून रगत वकलास, ती भिंत कुणी धुतली रं? मी. छडी खाल्ली असती, पण तुझ्या तिरडीला खांदा दिला नसता.”

स्वारानं मान खाली घातली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. त्याची शर्यत कायमची बंद.

शेठ तडकला. “अमीनसाहेब, माझ्या इज्जतीचा सवाल हाय!”

“इज्जत तुमची, छाती त्याची,” साहेब म्हणाले. “इतकी हौस असेल तर तुम्हीच बसा सायकलवर.” शेठचं पोट बघून जमादारसुद्धा हसला. संध्याकाळी फिर्याद मागं घेतली गेली.

माणूस काहीतरी दडवतोय म्हणजे तो चोरच, असं मी तोवर धरून चालायची. त्यानंतर कुणाचीही झडती घेताना आधी एकच विचारायची, “कुणाला जपून राहिलीस गं?” कितीतरी जणी त्या एका प्रश्नावर बोलत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. शेठनं नवा पोरगा बसवला होता. मी बंदोबस्ताला वेशीपाशी होते. सायकली धूळ उडवत आल्या, तेव्हा गर्दीतून सगळ्यांत मोठा आवाज त्या जुन्या स्वाराचाच, मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकून, मान ताणून:

“चढाला उठू नको रं! बसून मार! दम राख, दम राख!”