रिकाम्या खुर्चीवरचं व्हायोलिन

लेक व्हायोलिनच्या गजावर राळ घासते, त्या वासाने पुण्यातली ती संध्याकाळ आठवते. आयटीतली माझी पहिली नोकरी होती. आई नुकतीच गेली होती, म्हणून अमरावतीहून आलेल्या बाबांना मी फ्रेंच संगीतकारांच्या रचनांचा ऑर्केस्ट्रा ऐकायला नेलं. आम्ही पहिल्याच रांगेत होतो. ऑर्केस्ट्रातला एक वादक नुकताच वारला होता. त्याच्या आठवणीसाठी त्याच्या रिकाम्या खुर्चीवर त्याचं व्हायोलिन ठेवलं होतं.

संथ रचना संपली, सगळे गज थांबले, तरी त्या खुर्चीवरून बारीक सूर येतच राहिला.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. "तुलाही ऐकू येतंय ना?"

"हो, बाबा."

"मग घरी तुझ्या आईचा तंबोरा वाजतो, तो भास नाही."

शेजारच्या सुरांनी तारा आपोआप झंकारतात, हे आता मला कळलंय. पण बाबांच्या एकट्याच्या घरात तंबोऱ्याजवळ कोण गात होतं?