अर्धं काळीज मेल्याची थाप

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला फसवले. तेही बाजारात नाही, दवाखान्याच्या जिन्यात.

आम्ही दोघे मंद्रूपच्या बाजारात बैलांची दलाली करतो. घेणारा बैलाची खोड दुप्पट करून सांगतो, विकणारा ती अर्धी करतो, आणि खरे काय ते दलालाने मनात काढायचे असते. मी या बाजारात अनवाणी आलो होतो, या एका अकलेवर घर बांधले. कोणी काही सांगितले की आधी निम्मे वजा करायचे, ही माझी सवय. एकदाच चुकली.

उन्हाळ्यात मला हृदयविकाराचा झटका आला. सोलापुरात स्टेंट बसवला. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी भावाला आत बोलावले. बाहेर येऊन त्याने जिन्यात माझा दंड धरला. "आण्णा, अर्धं काळीज मेलंय म्हणत्यात. बाजार बंद आता. मोठ्यानं बोलायचं बी न्हाय."

जिवाची गोष्ट होती. वजाबाकी सुचलीच नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी घरच्या सोप्यात, ओसरीवर बसून. बाजारातल्या माझ्या बसायच्या जागेवर, लिंबाखाली, भाऊ बसू लागला. औषधेही तोच आणून देई. बायको एकदा वैतागून म्हणाली, "एखादी शिवी तरी हासडा की. घर लई सुनं वाटतंय."

माहेरी आलेली मुलगी मात्र मला ओढतच तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी विचारले, "काका, हृदयाचा एमआरआय करून या म्हटलं होतं. तुमच्या हृदयाचा एक भाग हलत नव्हता. तो मेलाय की नुसता सुन्न पडलाय, ते त्यातच कळणार होतं. भावाने सांगितलं नाही?"

मी मुलीकडे पाहिले. माझे कान तापले होते.

एमआरआयच्या नळीत घातले. शिरेतून औषध सोडले. बाहेरून आवाज यायचा, "श्वास रोखा." मी रोखायचा. मशीन दणदण वाजायचे, आणि मला एवढेच कळत होते की आज आपला सौदा पक्का होणार.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझे हृदय दाखवले. काळ्या कड्याला आतून पांढरी बारीक कड होती. "पांढरा दिसतो तो व्रण. तेवढाच मेलाय. हृदयाच्या भिंतीच्या जाडीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी. बाकीचा स्नायू जिवंत आहे, औषधांनी अजून सावरेल."

"पाव तुम्ही सांगता. खरं किती धरू?"

"काका, इथं घासाघीस नसते. दिसतंय तेवढंच."

मुलगी हसली. मलाही हसू आले, आणि डोळे पुसायला रुमाल सापडेना. बाई म्हणाल्या, बाजाराला जा, फक्त बेताने. परतीच्या वाटेवर मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून मनसोक्त भांडलो. छातीत काही झाले नाही. एवढा हलका मी कित्येक महिन्यांत नव्हतो.

घरी भावाला विचारले. तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बाजारात वरडत उभा ऱ्हायला असतास. मेला असतास की."

त्यात खोटे काही नाही, हे मलाही कळते. पण भावा, मग एमआरआय का दडवलास? आणि माझ्या जागेवर तूच का बसलास? माझ्या काळजीने बसलास की जागेच्या लोभाने? येत्या बाजाराला मी लिंबाखाली येतोय. सगळ्या दलालांसमोर मला याचे उत्तर दे.