शाल, श्रीफळ आणि खोली

प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेल्या सत्काराच्या शालीचा वास आला, की मी अजून उठून बाहेर जाते.

आमच्या कॉलेजात शेतीचं शिकायला एक अफगाण आला होता, बायकोसह. शिक्षण संपेस्तोवर तिकडं राज्य पालटलं. परत गेला असता तर जिवाची खात्री नव्हती. आश्रयासाठी त्यानं दिल्लीत अर्ज केला होता, उत्तर येत नव्हतं. इकडं हॉस्टेलनं महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं आणि बायकोला आठवा महिना लागलेला. मी कॉलेजच्या ऑफिसात, म्हणून बारामतीत त्यांच्यासाठी घरं शोधत हिंडत होते.

नाही असं तोंडावर कुणी म्हणत नसे. एका घरमालकिणीनं चहा पाजला, त्याच्या बायकोच्या पोटावरून हात फिरवला, मुलगाच होणार म्हणाली. मग मला बाजूला घेऊन, "खोली हाय ओ, पण यांच्या सैपाकाचा वास लई येतो म्हणं." त्या पोरीच्या हातचं तिनं कधी चाखलंसुद्धा नव्हतं.

भवानीनगरला माझ्या धाकट्या दिरांचा बंगला आहे. वरचा मजला रिकामा, नुसते कांदे पसरलेले. तिथं मी हक्कानं गेले.

"न्हाय वैनी. परदेशी माणूस, पोलिसांचं लचांड कशाला गळ्यात?"

"नोंद तर करायची असते, भाऊजी. मी करून आणते."

"आन् कांदं कुठं ठिवू?"



हेच दीर गावातल्या मंडळाचे अध्यक्ष. आठ दिवसांत त्यांनी त्याच अफगाणाचा सत्कार ठरवला, परदेशी असून मराठी बोलतो म्हणून! असे सत्कार त्याचे आधीही झाले होते. शाली द्यायला आमच्याकडं कुणाचा हात आखडत नाही. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, "मानसं जमतील, ताई. कुनाकडं तरी खोली आसंल."

स्टेजवर 'अतिथी देवो भव' असा बॅनर होता. बरोबरच आहे, देव म्हटलं की नारळावर भागतं, खोली द्यायला नको. दिरांनी फोटोवाल्याकडं बघत शाल घातली, नारळ दिला आणि पाहुण्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. बायको खाली माझ्याशेजारी बसली होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं.

त्यानं माइक धरला. कॉलेजच्या प्लॉटवर खुरपायला येणाऱ्या बायकांकडून मराठी शिकलेला तो. दिरांकडं वळून म्हणाला, "शाली लई झाल्या, तात्या. खोली हाय का?"

कुणीतरी हसलं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दीर त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "वा! काय गोड बोलतोय बघा!"

मला तिथल्या एकेका चेहऱ्याची किळस आली. आपलीच माणसं ती, कुणाच्या बारशाला जेवलेली, कुणाच्या लग्नात मिरवलेली.

एवढ्यात माझा हात कुणीतरी घट्ट धरला. त्याची बायको होती. टाळ्या ऐकून तिला वाटलं, खोली मिळाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्या हाताला नाही म्हणवेना. आमचं घर दोन खोल्यांचं, एक माझी, एक सासूबाईंची. घरी आले आणि सासूबाईंची खाट माझ्या खोलीत ओढून घेतली.